अव्वाची मालिका आणि माझा अँटेना

घरातल्या एकाही माणसाने मागणी केलेली नसताना मी आमच्या घरातली केबल बंद केली.

कारण विचाराल तर शाळेची स्टाफरूम. सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. एका शनिवारी डबा खाताना मी सहज म्हणालो, काल आमची केबल गेली होती. भूगोलाच्या बाई घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघायला लागल्या. "सर, तुमच्याकडे अजून केबल आहे?" तुम्ही अजून दगडाने अंग घासता का, असं विचारावं तसा त्यांचा आवाज होता. त्यावर चित्रकलेचे सर मान हलवत म्हणाले, "आणि हे विज्ञान शिकवतात." सगळी स्टाफरूम हसली. (शिपायाला तर ठसका लागला.)

घरी आलो आणि चप्पल काढायच्या आत घोषणा केली, "आजपासून केबल बंद. मालिका, सिनेमे सगळं इंटरनेटवर. आणि इंटरनेट गेलंच, तर गच्चीवर अँटेना. लहानपणी होता तसा. फुकटात सरकारी चॅनल."

माझी बायको सुवर्णा लसूण सोलत होती. "बरं," ती म्हणाली. सुवर्णाच्या 'बरं'चा अर्थ होकार नसतो, 'निस्तरायला मी आहेच' असा असतो, हे मला पंचवीस वर्षांच्या संसारात कळलेलं आहे. पण ते नेहमी दोन दिवसांनी आठवतं.

खरा प्रश्न होता अव्वाचा. अव्वा म्हणजे माझी आई, गंगव्वा. अक्कलकोटच्या पलीकडे आमचं गाव. मराठी तिला उत्तम येतं, पण राग, लोभ आणि हिशेब कन्नडमध्ये. वडील गेल्यावर चार वर्षांपूर्वी मी तिला जुळे सोलापूर या उपनगरात, आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. गावात उंबऱ्यावर बसलं की जाणारा-येणारा प्रत्येक माणूस दोन शब्द बोलून पुढे जायचा. इथे सगळ्यांची दारं बंद. पहिली दोन वर्षं ती बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या स्कूटर बघायची. कंटाळलेय असं ती कधी म्हणाली नाही, पण रोज चार वाजताच विचारायची, "शिवा, सहा वाजले काय रं?"

मग खालच्या मजल्यावर पद्मक्का राहायला आल्या. तेलुगू बाई. सगळं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं. नवरा वारला, म्हणून मुलाने इकडे आणलं. जिन्यात दोघींची गाठ पडली, गुडघ्यांवर बोलणं झालं, आणि त्या दिवसापासून शनिवार-रविवार सोडून रोज संध्याकाळी सातला पद्मक्का आमच्याकडे मालिका बघायला येऊ लागल्या. मालिका कन्नड. पद्मक्कांना कन्नडचं अक्षर कळत नाही. पडद्यावर कोणी काही बोललं की अव्वा त्यांना मराठीत सांगायची. दोन वर्षं, एक दिवस खाडा नाही. (मी त्या वेळी फिरायला जातो. मालिका ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.)

माझी घोषणा ऐकून अव्वाने एवढंच विचारलं, "सोमवारी सातला माझी मालिका दिसंल न्हवं? एक तासाचा भाग हाय."

"दिसेल की."

"कन्नडमधीच दिसली पायजे."

"हो गं."

"कन्नडमधीच, शिवा."

मातृभाषेचा हा अभिमान बघून मला भरून आलं. लगेच मी आमच्या केबलवाल्या रफिकभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "सर, दोन दिवस विचार करा." मी म्हणालो, विचार झालाय, आत्ताच्या आत्ता तोडा. त्यांनी तोडली. खाली जाताना जिन्यात पद्मक्का भेटल्या, आनंदात होत्या. "सोमवारी येतोय की ओ तिचा नवरा, दुबईहून! दोन वर्षांनी!" मालिकेतलं मला काहीच माहीत नसल्यामुळे मीही आनंद व्यक्त केला.

अँटेना घ्यायला जुन्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माळ्यावरून एक काढला, फुंकर मारली. धूळ उडाल्यावर तो दिसत होता त्याहून बारीक निघाला.

"कशाला पायजे, सर?"

"टीव्हीला."

"टीव्हीला," तो म्हणाला, आणि कागदात गुंडाळून दिला. माणूस सज्जन होता. मी पाठ फिरवेपर्यंत हसला नाही.

रविवारी अँटेना बसवायला माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, होटगीहून आले. दाजी रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, आता निवृत्त आहेत. "आयुष्य सिग्नलमधी गेलंय माजं," ते खांबाला अँटेना बांधत म्हणाले, "टीव्हीचा काय घिऊन बसलाव." आणि मला ते पटलं. दहावीच्या मुलांना मी विद्युतचुंबकीय तरंग शिकवतो, तरीही पटलं.

रचना अशी केली : गच्चीत खांबाला धरून दाजी. गच्चीच्या दारात मी. जिन्यात मधल्या पायरीवर पद्मक्का. आमच्या दारात अव्वा. आणि टीव्हीसमोर सुवर्णा, मेथी निवडत.

दाजी ओरडले, "आलं का?" मी ओरडलो, "आलं का?" पद्मक्का ओरडल्या, "आलं का ओ?" अव्वाने आत विचारलं, "बंत?" सुवर्णा मान वर न करता म्हणाली, "निळंच आहे." मग निरोप उलटा निघाला. अव्वा : "इल्ल!" पद्मक्का : "न्हाय म्हणतेत!" मी : "नाही, दाजी!" दाजींनी अँटेना हैदराबादकडे वळवला. आलं का? नाही. विजापूरकडे. नाही. पुण्याकडे. नाही. लहानपणी निदान पडद्यावर मुंग्या तरी यायच्या. हा नवीन टीव्ही नुसता निळा, आणि त्यावर 'सिग्नल नाही' असं सभ्य भाषेत लिहिलेलं.

तासाभराने माझ्या लक्षात आलं की दाजींच्या प्रश्नाला आता आणखी बरेच आवाज येतायत. "आलं का?" समोरच्या फ्लॅटमधून. "आलं का?" खालून. "तुमच्याकडं आलं का?" पलीकडच्या इमारतीतून.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे जिन्यातून "आलं का?" असं ऐकू आलं की त्याचा एकच अर्थ होतो. आमच्या इमारतीत बारा घरं. बारा घरांचे नळ उघडले गेले. तिघांनी मोटार चालू केली. तळमजल्यावरचे काका अंघोळ अर्धी टाकून, अंगाला साबण तसाच, पंच्यावर बादल्या घेऊन आले. पलीकडच्या इमारतीने चौकशीला माणूस पाठवला. आणि गच्चीतून दाजी पूर्ण ताकदीने ओरडत होते, "आता आलं का बगा! जरा तरी आलं का?"

काका खालून ओरडले, "थेंब न्हाय ओ!"

"थोडं उजवीकडं घेतो!" दाजी म्हणाले.

उजवीकडे काय घेणार, या विचाराने काका बादल्या तिथेच ठेवून गच्चीत आले. त्यांच्यामागून बाकीची इमारत आली. आणि नेमके तेव्हाच रफिकभाई आमच्याकडचा सेटटॉप बॉक्स न्यायला आले, ते गर्दी बघून सरळ वर. त्यांनी खांब बघितला, दाजींना बघितलं, काकांच्या अंगावरचा साबण बघितला, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"सर, ये क्या कर रहे?"

मी सांगितलं.

"वो टावर तो कबका बंद हुआ ना सर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. माझी लाज राखायचा त्यांचा प्रयत्न होता, पण ऐकायला सगळी इमारत पुढे सरकली होती. "कैक वर्षं झाली. आता हवेत काही नसतं. सगळं डिशच्या छत्रीवर."

दाजींनी खांब सोडला. "मला वाटलंच," ते म्हणाले, "निळा लई स्वच्छ येत हुता."

संध्याकाळपर्यंत कोणीतरी अँटेनाला दोरी बांधून त्यावर दोन चादरी वाळत घातल्या होत्या. मी सुवर्णाला म्हणालो, अँटेना हा नुसता पर्याय होता, मुख्य काम इंटरनेटचंच आहे. ती म्हणाली, "बरं."

सोमवारी साडेसहालाच अव्वा ठेवणीतलं इरकल नेसून बसली. दुपारभर खपून तिने शेंगापोळ्या केल्या होत्या. पद्मक्का डबा घेऊन आल्या. डब्यात बुंदी. "नवरा येतोय, त्वांड गोड कराय पायजे," त्या म्हणाल्या. अव्वा हसली, पण मला ते हसू जरा ओढून आणल्यासारखं वाटलं. ती सारखी पुटपुटत काहीतरी ठरवत होती.

पुण्याला असलेल्या मुलीने तिच्या ॲपचा पासवर्ड दिला होता. मी रिमोटात मालिकेचं नाव बोललो. टीव्हीने वांग्याच्या भाजीचे सतरा प्रकार दाखवले. अव्वा बोलली. टीव्हीने ट्रॅक्टर दाखवले. सुवर्णा म्हणाली, "मी टाइप करू का?" मी म्हणालो, "मला विज्ञान शिकवू नकोस." सात वाजले. सात दहा झाले. पद्मक्का हळहळल्या, "तिकडं विमान उतरलं बी असंल त्याचं."

सव्वासातला सापडली! आणि सापडली ती नुसती नाही. मुलीच्या खात्यावर मराठी भाषा लावलेली होती, आणि ती मालिका मराठी आवाजातही होती. मला धन्य वाटलं. दोन वर्षं माझी आई घसा कोरडा करून भाषांतर करत होती. एका बटणात तिचे कष्ट संपले.

"अव्वा," मी म्हणालो, "आता तुला सांगायची गरजच नाही. पद्मक्का, थेट मराठीत बघा!"

अव्वाच्या हातातली शेंगापोळी तिथेच थांबली. "शिवा, कन्नड लाव."

"अगं, ऐक तर आधी."

"शिवा."

आतून सुवर्णा लाटणं घेऊन धावत आली. "अहो, नका!" पण मी बटण दाबलं होतं.

भाग खास होता, म्हणून सुरुवातीला दोन वर्षांची गोष्ट थोडक्यात सांगत होते. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "अपघातात पतीचं निधन झाल्यानंतर..."

"कुणाच्या पतीचं?" पद्मक्कांनी विचारलं.

"शेजारणीच्या," अव्वा म्हणाली.

पडद्यावर नायिका हार घातलेल्या फोटोपुढे हमसून रडत होती.

"ह्यो तर तिचाच की," पद्मक्का म्हणाल्या. "दुबईला जाताना सत्कार झालता, तवाचा फोटो न्हवं ह्यो, गंगव्वा?"

अव्वा काही बोलायच्या आत मी मदतीला धावलो. "छे हो पद्मक्का, हार फोटोला आहे म्हणजे वारले ते." सुवर्णाने लाटण्यासकट हात कपाळाला लावला.

टीव्ही पुढे चालूच होता. नायिकेची पांढरी साडी दिसली. (अव्वाच्या गोष्टीत ते नवरा सुखरूप यावा म्हणून धरलेलं व्रत होतं.) सासू काढ्यात काहीतरी कालवताना दिसली. (अव्वाच्या गोष्टीत सुंठ. मालिकेत विष.) मग एक उंच तरुण आला, त्याने नायिकेचा हात धरला.

"मावसभाऊ," पद्मक्का पुटपुटल्या.

"आणि आज," गोड आवाजाची बाई म्हणाली, "ती आपल्या प्रियकराशी पुनर्विवाह करणार आहे."

पद्मक्कांनी बुंदीच्या डब्याला झाकण लावलं. "आन दुबईला मग कोण हाय?" त्यांनी विचारलं. अव्वाने मान खाली घातली. पद्मक्का उठल्या, डबा घेतला आणि निघून गेल्या. मी घाबरून टीव्ही बंद करायला गेलो, भलतंच बटण दाबलं गेलं, आणि त्या जिना उतरत असताना पाठीमागून दुप्पट आवाजात पुन्हा ऐकू आलं, "पतीचं निधन झाल्यानंतर..."

मला वाटलं होतं, अव्वा ओरडेल. तिने नुसतं पदराने डोळे पुसले. "ती हितं नवी आलती," ती म्हणाली, "नवरा जाऊन दोन म्हयनं झालतं तिचा. आन पयल्याच आठवड्यात ह्या मालिकेतला मेला. शेजारी बसून मी तिला काय सांगू? दुबईला धाडला."

"आणि दोन वर्षं तेच?"

"एकदा धाडल्यावर काय करणार? पांढऱ्या कापडाचं व्रत केलं, माणसांची नाती बदलली, सगळं निभावून न्यावं लागलं की."

"पण आज लग्नात काय सांगणार होतीस?"

"दुबईत त्वांड भाजलं, आपरेशन झालं, चेहरा बदलला. नवा नवरा म्हंजी जुनाच." पदर सारखा करत ती म्हणाली, "म्हयनाभर इचार केलता मी त्येचा."

तेवीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या मला त्यात एकही चूक सापडली नाही. आईचा एवढा अभिमान आणि स्वतःची एवढी लाज मला एकाच वेळी कधीच वाटली नव्हती. "तुला हे माहीत होतं?" मी सुवर्णाला विचारलं. "घरात असते मी सात वाजता," ती म्हणाली.

मंगळवारी सातला पद्मक्का आल्या नाहीत. अव्वा बंद टीव्हीसमोर बसून राहिली, आणि सव्वासातला उठून बाल्कनीत गेली. स्कूटर बघायला. ते मला बघवलं नाही. तसाच रफिकभाईंकडे गेलो आणि म्हणालो, माझं चुकलं, केबल परत जोडा. त्यांनी काही न विचारता गाडीची डिकी उघडली. आमचा बॉक्स आतच होता. "रविवारपास्नं घेऊन फिरतोय सर," ते म्हणाले. "वाटलं, लागेल."

बुधवारी संध्याकाळी केबल सुरू झाली. आता पद्मक्कांची माफी मागायला म्हणून मी खाली गेलो. त्यांनी दार उघडलं, मला आत बसवलं. मी म्हणालो, "अव्वाने तुम्हाला फसवलं नाही हो. तिने..."

"मला ठावं हुतं की," पद्मक्का म्हणाल्या.

"काय?"

"हार घातलेला फोटो मला कळत न्हाय व्हय? माझ्या घरात बी हाय एक." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "पयल्याच दिवशी कळलं. पण गंगव्वा येवढं जीव तोडून सांगाय लागली, तर मी बी ऐकलं. मग खरंच वाटाय लागलं ओ. रोज सातला वाटायचं, एक तरी कुटं तरी जित्ता हाय." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन वर्षं तिनं त्येला संबाळला, सर. तुमी एका बटनात मारला."

मी खाली बघत म्हणालो, "केबल आलीय परत. कन्नड लागतं."

"व्हय? मग आदी सांगायचं की," त्या म्हणाल्या आणि बुंदीचा डबा घेऊन माझ्या आधी जिना चढल्या.

त्या दिवशी मी फिरायला गेलो नाही. कोपऱ्यात खुर्ची घेऊन गप्प बसलो. अव्वा आणि पद्मक्का दोघी एकमेकींकडे न बघता शेजारी बसल्या. मालिका सुरू झाली. नायिका नव्या नवऱ्याबरोबर उंबरठा ओलांडत होती.

"ह्यो कोण, गंगव्वा?" पद्मक्कांनी विचारलं.

अव्वाने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग खाकरली. "नवराच की तिचा. दुबईत त्वांड भाजलं हुतं. आपरेशन झालं."

पद्मक्कांनी नीट निरखून पाहिलं. "आदीपेक्षा बरा दिसतोय की," त्या म्हणाल्या. आणि दोघी अशा हसल्या की पुढचे दोन संवाद कोणालाच ऐकू आले नाहीत. बुंदीचा डबा उघडला. मलाही मूठभर मिळाली, म्हणजे माझा गुन्हा माफ झाला असं मी समजलो.

तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं आणि खांद्यावर काहीतरी घेऊन एक माणूस आत आला. कन्नड मला उत्तम कळतं. तो म्हणाला, "गॅसचा सिलिंडर आणलाय."

"आन ह्यो कोण?" पद्मक्कांनी विचारलं.

अव्वाने सावकाश माझ्याकडे नजर टाकली. "ह्यो तिचा थोरला पोरगा. मास्तर हाय. लई शिकलाय."

"मग?"

"घरात चांगलं चाललेलं त्येला बघवत न्हाय."

पद्मक्कांनी बुंदी चघळत सिलिंडरवाल्याला खालून वर न्याहाळलं. "पुढं सुधारतो का?"

अव्वाने डब्यातली आणखी चिमूटभर बुंदी घेतली.

"काय सांगावं," ती म्हणाली. "अजून लई भाग हायत."